हंगामी अभ्यास

मुलानं पुण्याहून फोन केला आणि म्हणाला, "बाबा, आम्ही त्याला शाळेतून काढलं."

छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमधून मास्तरकी केली. आमच्या धंद्यात 'शाळेतून काढलं' याचा अर्थ एकच होतो. मी घाबरून विचारलं, "काय फोडलं त्यानं?"

"काही फोडलं नाही हो. आम्हीच काढलं. आता घरीच शिकवणार. होमस्कूलिंग!"

माझ्या छत्तीसपैकी निदान वीस वर्षं लोकांची पोरं घरातून ओढून शाळेत आणण्यात गेली. दर जूनमध्ये पटनोंदणीसाठी वाड्यावस्त्या, तांडे पालथे घालायचे, शेळ्या राखणारं पोरगं दिसलं की त्याच्या बापाच्या हातापाया पडायचं, आणि त्यानं पोरगं दिलं की ते परत पळून जाऊ नये म्हणून त्याच्याही हातापाया पडायचं. आणि आता माझाच नातू, तोही पुण्यात, घसघशीत फी भरलेल्या शाळेतून, राजीखुशीनं घरी! ज्याचा जन्म पाणपोईवर गेला त्याच्याच घरी यावं आणि सांगावं की आम्ही पाणी सोडलं, तशी माझी गत झाली.

आमच्या सौ.नी मात्र बातमी शांतपणे घेतली. "बरं झालं. सकाळी साडेसहाला लेकराला बसमध्ये कोंबत होते," एवढंच त्या म्हणाल्या. बायकांना शिक्षणशास्त्र लवकर कळतं.

त्यानंतर कळलं की ही घरची शाळा ऋतूंप्रमाणे चालते. पुस्तकातले धडे नाहीत. जो ऋतू असेल तोच धडा. आणि यंदाच्या शरद-हेमंताचा धडा आमच्या बीडला भरणार होता. दसऱ्याच्या आधी सूनबाई, नातू आणि चार खोकी सामान येऊन दाखल झालं. चिरंजीव लॅपटॉपवर नोकरी करत मागून येणार होते.

मी सूनबाईंना प्रामाणिकपणे सांगितलं की बीडात ऋतू चार : पावसाची वाट पाहण्याचा, पाऊस आला नाही याची खात्री पटण्याचा, ऊसतोडीचा आणि टँकरचा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं होतं हसतील.

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर तक्ता लागला. साडेसहा : निसर्गनिरीक्षण. आठ : वाचन. नऊ : स्वयंपाकघरातलं गणित. अकरा : हस्तव्यवसाय. बारा ते चार : मुक्त खेळ. रात्री : आकाशदर्शन.

"मुक्त खेळ म्हणजे?" सौ.नी विचारलं. "आतापर्यंत काय बांधून खेळायचा?"

स्वयंपाकघरातलं गणित सुरू झालं त्या दिवशी आम्ही दुपारी तीनला जेवलो. एका भाकरीला इतकं पीठ तर सात भाकरींना किती, याचं उत्तर निघेपर्यंत तवा तीनदा थंड झाला. सौ.नी आयुष्यभर हे गणित न मांडता सोडवलं होतं, त्यामुळे त्यांना रीतीचे मार्क मिळाले नाहीत. मला मात्र बढती मिळाली. मी 'रिसोर्स पर्सन' झालो. पेन्शनरला इतकं भारदस्त पद सहसा मिळत नाही. त्याला बहुधा दूध आणायला पाठवतात. मला दूध आणायचंच होतं, फक्त आता बरोबर नातू असायचा आणि परत येताना दूध कशामुळे नासतं ते सांगावं लागायचं.

आता खरं बोलायला हवं. मी हे सगळं हाणून पाडायच्या बेतानं बसलो होतो. पण पहिला फटका मलाच बसला.

आम्ही खजाना विहीर पाहायला गेलो. बीड शहराबाहेरची ही सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली विहीर. मी ती वर्षानुवर्षं शिकवली होती. म्हणजे 'खजाना विहीर कोठे आहे?' असा एक मार्काचा प्रश्न वर्षानुवर्षं घातला होता. नातवानं काठावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, पाणी खाली जमिनीत आहे, मग ते वर न काढता शेतात कसं जातं?"

मी म्हणालो, "बोगद्यानं."

"पण पाणी वर चढतं का?"

मी तिथल्या पायरीवर बसलो. सहा वेळा सहली आणल्या, पोरं मोजली, वडापाव वाटले, एकालाही हा प्रश्न पडू दिला नाही. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं समजावलं : पाणी चढत नाही, जमीनच पुढे उतरत जाते; ज्यानं ही विहीर बांधली त्यानं आधी उतार मोजला. नातवानं घरी येऊन बादली, नळी आणि सौ.ची पाण्याची टाकी यांच्या साहाय्यानं ते सिद्ध केलं. हॉल दोन दिवस ओला होता. पण तो धडा त्याला जन्मभर विसरता येणार नाही, आणि हॉलच्या फरशीलाही.

मग सीताफळं आली. बालाघाटच्या डोंगरातलं आमचं सीताफळ. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधीही ते गोडच होतं. एका फळात बिया किती, याचा तक्ता झाला. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी पाहिली. चाळीस फूट लांब कापडावर त्या गृहस्थानं पंचीकरण लिहून काढलं. आमचे बाळराजे शुद्धलेखनाच्या चौथ्या ओळीला हात दुखतो म्हणतात. ते कापड पाहून गप्प झाले. तेव्हा घरच्या शाळेत पोरगं शिकत नाही, असं मी म्हणणार नाही. पोरगं शिकत होतं. इतकं, की मला माझ्या छत्तीस वर्षांची थोडी लाज वाटायला लागली.

माझं भांडण दुसरीकडे आहे.

सूनबाईंच्या दोन मैत्रिणी अशीच पोरं घेऊन चार दिवस आल्या. रात्री गच्चीवर आकाशदर्शन होतं. कृत्तिका दाखवून झाल्या आणि गप्पा शाळेवर घसरल्या. एक बाई म्हणाल्या, "खरं सांगू काका, शाळा म्हणजे निव्वळ कारखाना आहे!"

त्या पुण्याच्या. त्यांचा काही दोष नाही. पण बीड जिल्ह्यात 'कारखाना' हा शब्द जपून वापरावा. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच : साखर कारखाना. दसरा झाला की जिल्ह्यातली गावंच्या गावं ट्रॅक्टर-ट्रकात बसून पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोची जोडी जाते. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं, एक कोयता. आणि पोरं? पोरं हिशेबात नसतात. ती सामानात असतात.

मी म्हणालो, "बाई, शाळा कारखाना असेलही. पण आमचं सगळं आयुष्य पोरं कारखान्यावरून शाळेत आणण्यात गेलं."

त्यांना तो विनोद वाटला. त्या छान हसल्या.

दोनच दिवसांनी आम्ही आजोबा-नातू निसर्गनिरीक्षणाला पाटोदा रस्त्यावर होतो. समोरून ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या. त्यात गाठोडी, पत्रे, पाण्याचे हंडे, चुलीचं लोखंड, बांधलेली शेळी, टोपलीखाली कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर मांडीत तान्हा भाऊ घेऊन बसलेली आठ-नऊ वर्षांची एक पोरगी. तिनं आमच्याकडे बघून हात हलवला. नातवानंही हलवला. ट्रॅक्टर गेल्यावर त्यानं विचारलं :

"आजोबा, तीपण होमस्कूलिंगला चाललीय?"

खजाना विहिरीच्या प्रश्नाला निदान एक म्हातारा शेतकरी भेटला होता. इथं कोणी नव्हतं.

घरी येऊन मी फ्रीजसमोर उभा राहिलो आणि त्या पोरीचा तक्ता मनातल्या मनात त्याच्या शेजारी लावला. पहाटे चार : निसर्गनिरीक्षण, म्हणजे अंधारात आई-बाप फडात जाताना उठायचं. पाच : स्वयंपाकघर, कोपीत चूल पेटवायची. सात : जलव्यवस्थापन, हंडा घेऊन पाणी शोधायचं. त्यानंतर बालसंगोपन, दिवसभर. दुपारी हस्तव्यवसाय, वाढे गोळा करून पेंढ्या बांधायच्या. रात्री आकाशदर्शन, तेही बिनदुर्बिणीचं, कारण कोपीला वर छप्पर असून नसल्यासारखंच. ऋतू दोन्हीकडे तोच. विषय जवळजवळ तेच. आणि गणित म्हणाल तर ती पोरं पक्की. उचल किती, फिटली किती, बाकी किती, हे तिसरीतल्या पोराला तोंडपाठ असतं.

मग फरक काय? फरक एवढाच की आपल्या मर्जीनं शाळा सोडली की त्याला होमस्कूलिंग म्हणतात, आणि मर्जी न विचारता सुटली की त्याला गळती म्हणतात. एकाची बातमी रविवारच्या पुरवणीत फोटोसकट येते. दुसऱ्याची आमच्या रजिस्टरात येते, 'सतत गैरहजर' म्हणून, लाल शाईनं.

परीक्षेचंही तसंच. आमच्या वेळी दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरणारा पोरगा मान खाली घालून यायचा. बाहेरून बसतोय म्हणजे कुठंतरी गाडी घसरलीय, असं गाव समजायचं. आता सूनबाई अभिमानानं सांगतात, "दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू, नाहीतर मुक्त विद्यालयातून बसवू." फॉर्म तोच. कोण भरतो यावर त्याची इज्जत ठरते.

सूनबाई वाद घालणाऱ्या आहेत, म्हणून मला आवडतात. त्या म्हणाल्या, "पण बाबा, घरी शिकणं काय आम्ही अमेरिकेतून आणलंय? पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या?"

बरोबर आहे. रमाबाईंना आईनं शिकवलं, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवलं. रमाबाई रानड्यांना माधवरावांनी. आनंदीबाई जोशांना गोपाळरावांनी, कधी कधी मारूनसुद्धा. दूर कशाला, माझे वडील मराठी घरीच शिकले. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. वडिलांच्या शाळेत उर्दू. मराठी शिकवायचे ते आजोबा, रात्री, कंदिलाच्या उजेडात. वडील म्हातारपणीसुद्धा पावकी-निमकी मराठीत म्हणायचे आणि हिशेबाचा आकडा उर्दूत लिहायचे.

मी म्हणालो, "सूनबाई, यादी छान आहे. पण यांतल्या एकीनंही शाळा सोडली नव्हती. शाळेनं त्यांना आत घेतलं नव्हतं. आणि घरी शिकून झाल्यावर त्यांनी काय केलं ते बघा. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं. माझ्या वडिलांनी मराठवाडा मोकळा झाल्यावर पहिली गोष्ट केली ती गावात मराठी शाळा व्हावी म्हणून अर्ज लिहिला. ही माणसं घरी शिकली आणि शाळा काढायला धावली. तुम्ही शाळेत शिकलात आणि घरी धावलात. जिना तोच आहे, पण एक चढतोय आणि एक उतरतोय."

सूनबाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण तुमच्या शाळेत तरी खजाना विहिरीचा प्रश्न कुणाला पडला?"

आता मी गप्प बसलो. जित्याची खोड म्हणतात ती सुनेला बरोबर सापडते.

म्हणून सांगतो, माझी तक्रार दोघांवर आहे. आमच्या शाळांवर आधी. सहा महिने उसात राहून आलेलं पोरगं वर्गात बसतं तेव्हा आम्ही त्याला काय विचारतो? 'उसाचे दोन उपयोग सांगा.' त्याला उसाचे उपयोग ठाऊक नाहीत. त्याला ऊस ठाऊक आहे. ते आमच्या उत्तरपत्रिकेत कुठं बसत नाही, म्हणून आम्ही त्याला 'ढ' म्हणतो. पुण्याच्या पोरानं उसाच्या फडाला भेट दिली तर प्रकल्प. आमच्या पोरानं फडात हिवाळा काढला तर मागासलेपण. हा न्याय आम्हीच करत आलो, मीही केला.

आणि तक्रार सरकारदरबारी आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे लिहून दिलं की बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. तसा केंद्राचा कायदा यायला २००९ साल उजाडलं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. लोकांना वाटतं सक्ती आईबापांवर आहे. नाही हो. कायदा नीट वाचा. सक्ती सरकारवर आहे. मुलाला शाळा देणं, ते शाळेत आलं की नाही हे पाहणं, ते शिकून पुरं झालं की नाही हे पाहणं, हे सरकारचं काम आहे.

त्यासाठी आमच्याकडे हंगामी वसतिगृह म्हणून एक शहाणी गोष्ट आहे. आईबाप उसाला गेले तरी पोरानं गावातच, आजी-आजोबांकडे राहायचं. दोन वेळचं जेवण शाळा देणार. इतकी साधी, स्वस्त आणि अक्कलवंत योजना मी दुसरी पाहिली नाही. पुढे २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजनाही आली. कागदावर सगळं आहे. पण ट्रॅक्टर कागदासाठी थांबत नाही.

माझ्या नोकरीतलं एक साल सांगतो. गाव सांगत नाही, ऑफिस सांगत नाही. तिथली माणसंही आता माझ्यासारखी दूध आणत असतील. दसऱ्याला मी तेवीस पोरांची यादी वर पाठवली. दिवाळी गेली, मंजुरी नाही. एक आजी रोज शाळेच्या दारात येऊन बसायची. "गुर्जी, जेवण कवा सुरू व्हायलंय? माझ्याच्यानं हिला दोन वक्ताचं घालणं व्हत न्हाई." मी म्हणायचो, "येईल मावशी, कागद येईल." वाण्याकडून उधारीवर तांदूळ-डाळ आणून महिनाभर चूल पेटवली, मग वाण्यानंही हात टेकले. मंजुरी आली संक्रांतीला. तिळगुळासारखी गोड भाषा होती कागदाची. तोवर तेवीसातली अकरा पोरं उसात गेली होती. त्या आजीची नातही गेली होती. 'हंगामी' वसतिगृह होतं. हंगाम मात्र आमचा वेगळा आणि साहेबांचा वेगळा.

घरच्या शाळेच्या तक्त्यात एक गोष्ट चोख आहे. सीताफळ पिकतं तेव्हा सीताफळाचा धडा होतो, मार्चएंडला होत नाही. एवढं एक सरकारनं सूनबाईंकडून शिकावं. ट्रॅक्टर ज्या दिवशी गावातून निघतो त्या दिवशी संध्याकाळी शाळेत चूल पेटलेली असावी. बस. मग बाकीचं शिक्षणशास्त्र सावकाश येऊ द्या.

आणि घरच्या शाळावाल्यांना माझी हात जोडून विनंती. तुमचं पोर घरी शिकवा, झाडावर शिकवा, खुशाल शिकवा. फक्त 'शाळा काही कामाची नाही' हे वाक्य जरा हळू बोला. ते वाक्य ऐकायला फार लोक टपून बसलेत. मुकादमाला ते आवडेल. पट कमी म्हणून शाळा बंद करायला निघालेल्यांना ते आवडेल. पोट भरलेल्यानं आज जेवायचं नाही असं ठरवलं तर तो उपास. पण म्हणून त्यानं गावाची पंगत उठवू नये.

एवढं भाषण झाल्यावर घरात आठवडाभर शांतता होती. मग सूनबाईंनीच विचारलं, "तुमच्या जुन्या शाळेत याला आठ दिवस बसू देतील?"

हेडमास्तर माझेच विद्यार्थी. त्यांनी हो म्हटलं. नातू रोज माझ्याबरोबर एस.टी.नं जायला लागला. सूनबाईही यायच्या, चौथीच्या पोरांना घेऊन त्यांनी शाळेच्या हापशाचं पाणी कुठून येतं यावर असा काही गोंधळ घातला की पोरं सुट्टीतही घरी जाईनात. मीही मागच्या बाकावर बसून ऐकलं. छत्तीस वर्षांत मागच्या बाकावर बसलो नव्हतो. तिथून शाळा वेगळी दिसते.

नातवाच्या शेजारी एक पोरगी बसायची. आईबाप उसाला गेलेले, ही आजीकडे राहिलेली. त्या वर्षी चूल वेळेवर पेटली होती. तिनं पहिल्याच दिवशी त्याची उलटतपासणी घेतली.

"तू शाळेत कामून जात न्हाईस?"

"मी घरी शिकतो."

तिनं समजल्यासारखी मान हलवली. "मग तुझे मायबाप कोण्या कारखान्याला असतेत?"

"बाबा कंपनीत असतात. लॅपटॉपवर."

"उचल किती घेतलीय?"

संध्याकाळी पोरगं हाच प्रश्न जसाच्या तसा बापाला विचारत होतं. चिरंजीव आदल्याच दिवशी पुण्याहून आले होते. पुण्यातल्या फ्लॅटसाठी त्यांनी वीस वर्षांचं कर्ज काढलंय. दोघं नवरा-बायको मिळून हप्ता भरायचे; घरची शाळा निघाल्यापासून तो एकट्यावर आलाय.

ते बराच वेळ लॅपटॉपकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "बाबा, ती पोरगी हुशार आहे हो."

मी म्हणालो, "असणारच. शाळेत जाते."